माबलण्णाची शिडी

आमचा माबलण्णा सिद्दापूरच्या हायस्कुलात नाटकाचे दिवे लावायचा. तसा शिपाईच तो, पण शाळेचं गॅदरिंग आलं की राजा. स्टेजच्या बाजूला विंगेत एका बाकावर त्याची बटणं असायची. तिथं बसून त्यानं किती पोरांचे राम-रावण उजळवले, आता मोजून काय करायचं.

यंदा नवा हॉल झाला. दिव्यांची खोली कुठं काढली, तर पार मागं, दाराच्या वर, छताला टेकून. काचेची. चढायला उभी लोखंडी शिडी. आणि इकडे डॉक्टरनं त्याला सांगितलेलं, हृदय फुगलंय, जिना बंद. हे ठाऊक फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला, नागवेणीअक्काला. शाळेला कळलं तर बटणं दुसऱ्याच्या हातात जातील, म्हणून त्यानं तिला शपथ घातलेली.

तो शानभाग हेडमास्तरांकडे गेला. "सर, खोली खाली आणा. मागच्या भिंतीपाशी नुसतं टेबल द्या, तरी चालेल."

"आणि तिथल्या पाहुण्यांना कुठं बसवू, तुझ्या मांडीवर?"

"वर काच आहे हो. पोरांचं बोलणं ऐकू यायचं नाही."

सरांनी लगेच माणूस बोलावून काचेला हे एवढं भोक पाडून घेतलं. तो माणूस वरूनच ओरडला, "झकास ऐकू येतंय!" झालं. माबलण्णा तसाच घरी आला.

"खरं सांगून टाका त्यांना," अक्का म्हणाली.

"सांगतो. मग उद्यापासून नुसती घंटा बडवतो. चालेल तुला?"

गॅदरिंगच्या दिवशी दुपारीच, हॉल रिकामा बघून, तो थांबत थांबत चढला. अक्कानं खालून शिडी धरली. वर पोचल्यावर त्यानं भोकातून हात हलवला, हसला पण. आता खेळ संपेपर्यंत उतरायचंच नाही, असं दोघांचं ठरलेलं.

पण आरती विसरले की हो दोघंही. आमच्याकडे खेळ म्हटलं की रंगायच्या खोलीत गणपती मांडतात. त्या आरतीवर हात फिरवल्याशिवाय दिवेवाला पहिलं बटण दाबत नाही. विंगेत होता तेव्हा तबक त्याच्या बाकापर्यंत यायचं. तशी एक मुलगी तबक घेऊन शिडीपाशी आली, तर सर म्हणाले, "वर नको हं नेऊ, भिंतींना फोम लावलाय, पेटेल. माबला, खाली ये!"

"तिथूनच नमस्कार करा की," अक्का म्हणाली.

"गणपतीला लांबून?" म्हणाला, आणि उतरला.

ज्योतीवर हात फिरवून डोळ्यांना लावले. तोवर हॉलमधे अंधार केलेला. तो परत चढायला लागला आणि मधेच थांबला. अक्काला दिसेना, नुसता श्वास ऐकू येत होता, करवत चालल्यासारखा. तिनं त्याच्या पोटऱ्या धरल्या. गार, घामानं ओल्या.

"खालून ढकल गं."

"उतरा."

"ढकल म्हणतो ना. थोडंच राहिलंय."

हॉलमधे शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "माबला झोपला काय रे!" सगळे हसले. पोरं तोंडं रंगवून पडद्यामागे उभी.

तेव्हा अक्का किंचाळली. "सर, धावा! यांना चढवत नाही, यांचं हृदय बिघडलंय! डॉक्टरनं नको म्हटलंय!"

सगळ्या हॉलनं ऐकलं.

चौघांनी त्याला उतरवून व्हरांड्यात निजवला. विज्ञानाचे मास्तर वर चढले, त्यांनी सगळी बटणं एकदम दाबली. नाटकातला रात्रीच्या अरण्याचा प्रवेश पांढऱ्याफटक उजेडात झाला. गाडी येईपर्यंत माबलण्णा हॉलच्या भिंतीकडे तोंड करून पडलेला.

शिरसीच्या दवाखान्यात काही दिवस काढले त्यानं. अक्काशी एक शब्द बोलला नाही. डॉक्टर म्हणाले, बोलायला दमच नाही त्यांना. पण नर्सकडे पाणी मागायला दम होता. अक्का तांब्या घेऊन तिथंच उभी असायची.

तो तसाच, तिच्याशी न बोलता गेला. आता समाचाराला घरी येईल त्याला ती एकच विचारते, ढकलायला हवं होतं का मी.