आजोबांची कबर नेमकी कोणती

माझे आजोबा चांदूर बाजारच्या कब्रस्तानात आहेत. त्यांच्या कबरीवर दगड नाही की नाव नाही, मातीचा उंचवटा तेवढा. ती कोणती, हे फक्त अब्बांना ठाऊक. दर वर्षी रमजानच्या आधी ते अमरावतीहून एकटेच जाऊन त्यांच्यासाठी फातिहाची दुआ पढून यायचे. मला भाऊ नाही, आणि आमच्याकडच्या बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मीही कधी विचारलं नाही.

या वर्षी मी शाळेत रजा टाकून सोबत गेले. गेल्या दोन-तीन महिन्यांत अब्बा अमरावतीतल्याच राजापेठेतून घरी येताना दोनदा वाट चुकले होते.

फाटकाशी त्यांनी गुलाबाच्या पाकळ्यांची पुडी माझ्याकडून घेतली. "तू इथंच थांब. मी आलोच."

ते सरळ गेले, मग डावीकडे, मग परत. एकदा कमरेवर हात ठेवून नुसतेच उभे राहिले. पुडी तशीच हातात. शेवटी ओढणी डोक्यावर घेतली आणि आत शिरले.

देखरेख करणारे म्हातारे चाचा गवत काढत होते. ते रागावतील असं वाटलं, पण ते म्हणाले, "बाभूळ शोधून राहिले ते. ती तर पडली मागच्या वादळात."

मला पाहून अब्बांना नवलही वाटलं नाही. "बाभळीपासून तिसरी," ते म्हणाले. "पण इथं बाभूळच नाही. काहून?"

चाचांनी बुंध्याची जागा दाखवली. अब्बांनी तिथून मोजलं, एका कबरीपाशी थांबले, पाकळ्या टाकल्या, दुआसाठी हात उचलले. मला हायसं वाटलं. मी फोटो काढून घेतला.

परतताना फाटकाजवळच्या एका कबरीशी ते पुन्हा थांबले. वाकून माती चाचपली. "हेच आहे बेटा. माहा बाप इथं आहे."

"मग मघाची कोणाची होती, अब्बा?"

"कोणती?"

मी तिचाही फोटो काढला आणि चाचांना हळूच विचारलं.

"मी इथं आलो त्याच्या आधीच्याच आहेत दोन्ही," ते म्हणाले. "मले काय माईत?"

एसटीत अब्बा खिडकीला टेकून झोपले. मी दोन्ही फोटो मोठे करून पाहत राहिले. दोन्हींत तेच वाळलेलं गवत, तीच माती. एक दिवस अब्बांनाही तिथंच नेतील आणि मी घरी बायकांमध्ये बसलेली असेन. त्यांची जागा मला कोण दाखवणार?

उतरताना त्यांनी विचारलं, "झाली नं फातिहा?"

"झाली, अब्बा."

पुढच्या शुक्रवारी मी एकटीच चांदूर बाजारला गेले. दोन्ही कबरींपाशी फातिहा पढले. कोणी अडवलं नाही.