तांब्याभर ताक

कबड्डीत ज्याचा डावा कोपरा पक्का, त्याचा संघ पक्का. अठ्ठ्याण्णव साली माझं हे मत होतं आणि आजही तेच आहे. चढाईला जाणाऱ्याचं सगळे कौतुक करतात, कारण तो पळतो, उड्या मारतो, मांडीवर थाप मारतो. कोपऱ्यातला गडी मात्र वाकून गप उभा असतो, आणि समोरच्याचा पाय जरा आत आला की घोटा धरून त्याला तिथंच बसवतो. एवढी साधी गोष्ट गावातल्या बाप्यांना कळत नाही आणि आपल्याला कळते, असा माझा ठाम समज होता. चाळिशी ओलांडलेली बाई मी. डोक्यावर पदर, हातात विळा आणि तोंडात अख्खा संघ. आता नातवंडं विचारतात, "आज्जे, तू खेळायचीस का गं?" कुठली खेळायला! मी जन्मात कधी मैदानात पाऊल टाकलं नाही. टाकलं असतं तर इतकी मतं शिल्लक राहिली नसती.

मुळशीत आमचं गाव नदीच्या अलीकडं, आणि बरोबर पलीकडं माझं माहेर. भाताची झोडणी उरकली की या दोन गावांच्या लढती लागायच्या. पहिली त्यांच्याकडं, दुसरी आमच्याकडं, आणि बरोबरी झाली तर तिसरी चैत्रात, आमच्या जत्रेत. जो जिंकेल त्याच्या बायका वर्षभर नदीवर वरच्या अंगाला धुणं धुणार, हरेल त्याच्या बायका खाली, त्यांच्या साबणाच्या पाण्यात. बाप्ये खेळून मोकळे व्हायचे, गढूळ पाणी आमच्या वाट्याला. म्हणून मी संघात लक्ष घालायचे, असं मी सांगायचे. खरं तर मला चोंबडेपणाची हौस होती.

संघ माझा धाकटा दीर निवडायचा. तो रोज संध्याकाळी चहाला यायचा, आणि मी कप हातात देण्याआधी संघ सांगायचे.

"भावजी, तुमचा मधला गडी झोपतोय. त्याला बसवा."

"वयनी, चा द्या."

"साखर संपलीया."

"बरं, बसवतो त्याला. आता साखर घावंल का?"

घावायची. पुढच्या लढतीत तो मधला गडी बाहेर असायचा आणि आम्ही हरायचो. मग मी म्हणायचे, त्याला बसवायला नको होतं. सासूबाई चुलीपाशी बसून ऐकायच्या. "म्हायेरच्यांनीच पाठवलीया हिला," असं भिंतीला सांगायच्या. आता मागं वळून बघितलं तर वाटतं, माहेरच्यांना हेर पाठवायची गरजच नव्हती. मी फुकटात त्यांचं काम करत होते.

आमच्या लढतींचा एक नियम होता. गडी पासष्ट किलोच्या आतला पाहिजे. लढतीच्या सकाळी गावच्या भातगिरणीत, पोती तोलायच्या मोठ्या तागडीवर वजन व्हायचं. एका पारड्यात लोखंडी मापं, दुसऱ्यात लंगोटावरचा गडी, उकिडवा. त्याचं पारडं वर उचललं की गडी वजनात बसला. नाही उचललं तर बाहेर, मग तो कुणाचाही कोण असो. दोन्ही गावची म्हातारी माणसं बिड्या ओढत डोळ्यांत तेल घालून बघत असायची.

माझा थोरला आमचा डावा कोपरा होता. आईने लेकाचं कौतुक करू नये, पण तसा कोपरा मी नंतर पाहिला नाही. हाड मोठं, त्यामुळं वजन कायम काठावर. लढतीआधी चार दिवस तो भाकरी सोडायचा, आदल्या दिवशी पाणीसुद्धा. पलीकडच्या संघात चढाईला यायचा माझाच भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा. वाऱ्यासारखा यायचा. त्याला आमच्या सात जणांत फक्त माझा थोरला धरू शकायचा. आतेमामे भाऊ दोघं. नदीत एकत्र पोहायला शिकलेले.

दोन हजार तीन साली एक लढत त्यांनी मारली, एक आम्ही. तिसरी उरली. त्या वर्षी बातमी आली की मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीचा माणूस आमच्या जत्रेतली लढत बघायला येणार आहे. त्यांच्या संघाला गडी हवा होता. घेतला तर नोकरी, कायमची. थोरला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. बारावीला दोनदा बसून घरी आलेला. दोन खाचरांच्या भातावर पुढं काय करणार होता तो? एका दुपारी माझ्याजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "आई, ह्या येळेला जमलं तर जमलं. न्हाईतर मग काय न्हाई." तो कधी असं बोलायचा नाही. मी तोंडभर बोलणारी, तो गप्प राहणारा.

लढतीच्या दिवशी सकाळी तो मागच्या पडवीत बसला होता. चार दिवस पोटात काही नाही, ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. मला बघवेना. रात्रीचं दही होतं, ते घुसळलं. आलं, मीठ, भरपूर पाणी. पितळेचा तांब्या भरून त्याच्यापुढं धरला.

"आई, नगं. वजन व्हायचंय."

"भाकर दिली का मी? ताक हाय. पातळ पाणी. पाण्याला कुटं वजन असतं?"

"असतं की गं."

"पोटात गेलं की जिरतं ते. माझ्यापरीस तुला कळतंय व्हय?"

त्याने माझ्याकडं बघितलं. पाच वर्षं मी त्या घरात कबड्डीची सर्वज्ञ म्हणून मिरवत होते. कुणाला बसवायचं, कुणाला उठवायचं, सगळं मला ठाऊक. तहानेनं त्याचं डोकंही जागेवर नसेल. त्याने तांब्या घेतला आणि एका दमात रिकामा केला. मी पदराने त्याच्या मिशीवरचं ताक पुसलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

नदीवरून दोन हंडे डोक्यावर आणणारी बाई मी. पाण्याला वजन असतं हे माझ्या मानेला ठाऊक होतं. माझ्या तोंडाला तेवढं ठाऊक नव्हतं.

गिरणीत थोरला पारड्यात बसला. मापांचं पारडं वरच राहिलं. कुणीतरी म्हणालं, दोरी अडकली. दोरी सोडवली. तरी तो जमिनीलाच. पलीकडचा एक म्हातारा खोकत म्हणाला, "लेकरू आईच्या हातचं खाऊन आलंया." त्याने नुसती चेष्टा केली होती. दाराबाहेर उभी असलेली मी भिंतीला टेकले.

दुपारी देवळाची आरती होईपर्यंत मुदत होती. थोरला अंगावर दोन घोंगड्या घेऊन चैत्राच्या उन्हात गावाला फेऱ्या मारायला लागला. थुंकत होता, धावत होता. आला, बसला, पारडं हललं. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा पारडं जमिनीवरून उठलं, थरथरलं आणि परत टेकलं. गिरणीवाला म्हणाला, "पसाभर तांदळाएवढं ऱ्हायलंय बघा."

तेव्हा पोरांत मानेपर्यंत केस वाढवायची टूम होती. थोरल्याचे केस दाट, मीच तेल घालून वाढवलेले, आणि आता घामाने निथळत होते. तो पारड्यातून उतरला, समोरच्या पारावर न्हावी बसला होता त्याच्यापुढं जाऊन मांडी घालून बसला. म्हणाला, "काका, समदं काढा. मिशी बी."

न्हाव्याने वस्तरा उघडला, आणि मग तोच थांबला. बाप जिवंत असताना आमच्याकडं डोकं आणि मिशी उतरवत नाहीत. ते बापाच्या दहाव्याला. न्हावी माझ्या नवऱ्याकडं बघायला लागला. नवरा तिथंच उभा होता, खांद्यावर टॉवेल टाकून. तो हसला.

"काढ की. आन मी काय लगीच मरतोय व्हय?"

सगळे हसले. मी नाही हसले. मी पदर खोचून पारापाशी गेले आणि न्हाव्याचा हात धरला. भर गावात, परक्या बाप्याचा हात. "माझ्या कुंकवावर वस्तरा चालवायचा न्हाई," म्हणाले. नवरा म्हणाला, "अगं येडे, पोराचं बग." दीर म्हणाला, "वयनी, टाइम जातोय." मी रडले, छाती बडवली, न्हाव्याला त्याच्या पोराबाळांच्या शपथा घातल्या. न्हाव्याने वस्तरा मिटला.

थोरला उठला, घोंगड्यांची घडी करून पारावर ठेवली. देवळात आरतीची घंटा वाजायला लागली.

आता संघाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दिराने डाव्या कोपऱ्यात सरपंचाचा पुतण्या उभा केला, का तर बनियनी सरपंचाने दिल्या होत्या. चूक! उजवा कोपरा डावीकडं आणायचा आणि मधला गडी उजवीकडं ढकलायचा. हे तेव्हाही माझ्या जिभेवर होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी संघाबद्दल एक अक्षर बोलले नाही. बायकांबरोबर शाळेच्या ओट्यावर बसले. थोरला मैदानाच्या दोरीपाशी उभा होता, डावीकडं, जिथून त्याने खेळायचं होतं तिथून हातभर बाहेर.

शेवटच्या चढाईला दोन्ही संघांचे गुण सारखे होते. भाचा आला. सरपंचाच्या पुतण्याने घोट्याऐवजी कमरेला हात घातला. भाचा त्याच्या अंगावरून घसरत मधल्या रेषेला बोटं लावून गेला. एका गुणाने गेलो. बाहेर उभ्या थोरल्याचा हात आपोआप खाली गेलेला मी पाहिला. मूठ मिटलेली. भाच्याचा घोटा तिथंच होता.

कंपनीच्या माणसाने भाच्याचं नाव लिहून घेतलं. भाचा धुळीने माखलेला तसाच ओट्यापाशी आला, माझ्या पाया पडला. "आत्या, तो असता तर मी सुटलो नसतो," म्हणाला. मी त्याला आशीर्वाद दिला. तोंडातून बरोबर शब्द निघाले, एवढं आठवतं.

थोरल्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडले असते, आणि भांडणात मी कधी हरत नाही. त्याने फक्त ताक सोडलं. ताटाजवळ वाटी ठेवली की तो ती दोन बोटांनी बाजूला सरकवायचा, आवाज न करता. पुढच्या वर्षी दिराने बोलावलं, तर म्हणाला, "दुसरा बगा." महाळुंग्याच्या बाजूला कंपन्यांची माणसं ने-आण करायची गाडी चालवायला लागला. नंतर तलावाकाठच्या त्या नव्या शहरात फाटकावर उभा राहायला गेला. रिकाम्या इमारतींची राखण. दिवसभर बसून अंगाने सुटला.

आमच्या लढतीही तशाच संपल्या. जमिनी विकल्या गेल्या, पोरं गाड्यांवर बसून गाड्यांवरचं खायला लागली. दोन्ही गावांत मिळून पासष्ट किलोच्या आतले चौदा गडी मिळेनात. दीर म्हणाला, नियम वाढवू, ऐंशी करू. पलीकडचे म्हातारे म्हणाले, ऐंशीत आमचेही बसत नाहीत. मैदान लवळ्याच्या कॉलेजातल्या पोरांसाठी खोल्या बांधायला गेलं. नदीवर धुणं कुणी धूत नाही, वर कोण आणि खाली कोण हे विचारायला आता बायकाच नाहीत. दीर अजून चहाला येतो. आम्ही दोघं साखरेबद्दल बोलतो.

मनाशी मी एक हिशेब धरून ठेवला होता. पोराचं गेलं, पण वस्तरा थांबवला म्हणून नवरा राहिला. तो सकाळी खोकला की मला बरं वाटायचं. दहा साली, साध्या तापाचं निमित्त होऊन, आठवड्यात तो गेला. पोराच्या डोक्याला कुणी वस्तरा न लावता गेला.

दहाव्याला नदीवर तोच न्हावी होता, आता चष्मा लावलेला. थोरला त्याच्यापुढं मांडी घालून बसला. या वेळी मी कुणाचा हात धरला नाही. केस पडत होते, तिशीच्या आतच पातळ, मधेमधे पांढरे. मिशी गेली. भाचा मुंबईहून आला होता, चांगल्या कपड्यांत, बाजूला हात जोडून उभा. थोरला अंघोळ करून वर आला, ओल्या टकलावरून हात फिरवला आणि माझ्याजवळ येऊन बसला.

"आई," तो म्हणाला, "आता बसलो असतो बग वजनात."

सात वर्षं मी या एका वाक्याची वाट बघत होते. त्यावर काय बोलायचं ते शंभरदा ठरवलेलं होतं. पण माझ्या तोंडातून निघालं, "नव्वद किलोचा झालाय मुडद्या. तागडी तुटंल."

तो हसला. बापाच्या दहाव्याला, सगळ्या भावकीसमोर, खांदे हलेपर्यंत हसला, आणि मीही हसले. बायका बघायला लागल्या. मग हसता हसता त्याने तोंड गुडघ्यात घातलं, आणि ते खांदे हलायचे थांबेनात.

जेवणं झाली तेव्हा वाढणाऱ्या जावेने त्याच्या पत्रावळीजवळ ताकाचा द्रोण ठेवला. त्याने तो दोन बोटांनी बाजूला सरकवला. मी उचलला आणि पिऊन टाकला. आंबट होतं.