हवेत उभा राहिलेला सापमार

घार ओळखायची तर आधी शेपूट बघावं. घारीच्या शेपटाला खाच असते. कापशी लहान, पांढरी, एका जागी पंख मारत राहते, पण ती उंदरावर असते. ससाणा दिसेपर्यंत निघून गेलेला असतो. हे मला सासऱ्यांनी शिकवलं. घरात मेंढरं होती, कोकरू कोण उचलतं आणि कोण नाही हे कळावंच लागायचं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. मेंढरं थोडीच उरली होती. दिवाळीनंतर मी आणि माझी धाकटी जाऊ ती कळसच्या माळावर चारत होतो. सून दुसऱ्याच्या उसात खुरपायला गेली होती, म्हणून तिची तान्ही पोर माझ्याकडे होती. तिला बाभळीखाली घोंगडीवर निजवलं आणि लांब गेलेली मेंढरं वळवायला आम्ही दोघी उताराला गेलो.

"आक्का, घार! कोकरू न्हेतीय बघा!" जाऊ ओरडली आणि तिनं दगड भिरकावला.

मी वर बघितलं. शेपटाला खाच नव्हती. घारीहून मोठा, पोट पांढुरकं, डोकं घुबडासारखं जाड. पाय खाली सोडून तो बाभळीच्या अलीकडं हवेत उभा होता. दगड जवळून गेला तसा कलंडून लांब गेला.

"हाणू नगंस! सापमार हाय त्यो."

"मग बरंच की. कोकराला काय करत न्हाय."

"कोकराचं मरू दे. त्यो हुबा हाय म्हंजी खाली साप हाय तितं."

दुसरा दगड घेतलेला जाऊचा हात वरच राहिला.

साप माझ्या आणि पोरीच्या मधे होता. मी पळत गेले तर तो माझ्यापुढं पळणार, म्हणजे घोंगडीकडंच. बाभळीमागं खोल ओघळ होती, वळसा घालता येत नव्हता. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, सगळं सापाच्याच रंगाचं. साप फक्त त्या पाखराला दिसत होता, आणि त्यालाच आम्ही हाकललं होतं.

"आक्का, मी जाते."

"गप हुबी रहा. हललीस तर बघ."

पोर जागी झाली होती. तिचे पाय वर उडताना दिसत होते. पाखरू पुन्हा आलं, उभं राहिलं. मग बाभळीकडं थोडं सरकलं. पुन्हा थोडं. ते सरकलं की साप सरकला, हे मला कळत होतं. आणि मी काही करत नव्हते. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

मग ते दगडासारखं खाली पडलं, घोंगडीच्या कडेला. तेव्हा मी पळाले. पोर उचलली तोवर ते उडालं होतं, चोचीतून सापाचं शेपूट लोंबत होतं.

"धामण व्हती, आक्का. नुसती धामण."

"तू बघितलीस?"

"न्हाय."

संध्याकाळी सुनेनं पोरीच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ बघितले. मी सगळं सांगितलं. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी पोरीला पाठीशी बांधून उसात घेऊन गेली. मी अडवलं नाही. उसातही साप असतात, पण ते तिला सांगायला माझं तोंड उघडलं नाही.