सदाचा रकाना

कांचनमॅडम गेल्याचं मला पालीच्या बाजारात कळलं, तेही तिसऱ्या दिवशी. कॉलेजातला एक जण भेटला आणि सहज म्हणाला, "सदाभाऊ, तुम्ही अंत्यविधीला दिसला नाहीत ते?"

मी कॉलेजात त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. मॅडम खाडीच्या चिखलातले जिवाणू काचेच्या प्लेटमध्ये वाढवत आणि त्यातला सगळ्यात जास्त नारिंगी रंग तयार करणारा शोधत. एकेका प्लेटवर शंभरेक ठिपके. आम्ही दोघं खिडकीशी बसायचो. "रंग सांग रे," त्या म्हणायच्या. मी बोट दाखवायचो, त्या वहीत लिहायच्या. माझं शिक्षण बारावी, पण कलमांच्या बागेत वाढलेला. सालीवरून आंबा उतरवायची वेळ सांगायचो. त्या नजरेचा मला ताठा होता.

मग त्यांनी एक खोका बनवला. आतून काळा, खाली निळा दिवा, वर कॅमेरा. नारिंगी रंग निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून ज्याच्यात रंग जास्त तो ठिपका फोटोत अधिक काळा. संगणक क्षणात निवड करायचा. मला ते झोंबलं. दोन-तीनदा त्यांनी हाक मारली, "सदा, जरा बघतोस काय रे?" मी म्हटलं, "कॅमेरा आहे ना तुमचा." पुढे त्यांनी विचारणं सोडलं. त्याच वर्षी मी निवृत्त झालो आणि परत प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढलो नाही. पालीला घरी मला कुणी काही विचारत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या भाचीने प्रयोगशाळेतलं सामान आवरायला बोलावलं. खोका बघून म्हणाली, "मावशीला रंग नीट दिसेनासे झाले, म्हणून केलान ना हा. तुम्हाला बोलली नाही?" नाही बोलल्या. मी एकदा जरी जवळ जाऊन बसलो असतो, तर बोलल्या असत्या. माझा रुसवा आड आला.

वही चाळली. खोका आल्यापासून पानोपानी पट्टीने आखलेले दोन रकाने, 'कॅमेरा' आणि 'सदा'. कॅमेऱ्याचा भरलेला, अक्षर हळूहळू मोठं होत गेलेलं. माझा शेवटच्या पानापर्यंत कोरा, पण दर वेळी आखलेला.

फ्रिजमध्ये त्यांची शेवटची प्लेट होती. ती खिडकीशी नेली आणि पूर्वीसारखं मोठ्याने सांगितलं, "कडेचा तिसरा, मॅडम. गर्द आहे." मग वही पुढ्यात ओढून माझ्या रकान्यात ते मीच लिहिलं.