अरोइताचे कागदी देवदूत

नाताळ जवळ आला की अरोइता गावातली सगळी पोरं मानेआबात, म्हणजे गावबैठकीच्या मोठ्या छपराखाली, गोळा करायची. जुन्या वह्यांचे कागद, मैद्याची खळ, केसांसाठी नारळाचा काथ्या. कात्र्या माझ्या ताब्यात, कारण मी खेकसते आणि पोरं मला भितात. देवदूत सगळे वाकडेतिकडे. कुणाच्या पोटावर चुकलेली बेरीज, कुणाच्या पंखावर मास्तरांची लाल फुली. आणि खळ निम्मी पोटात.

"बासिओता, खळ लावायची असते रे, गिळायची नसते," मी खेकसले.

"मग मैद्याची कशाला करता?" बासिओता बोटं चाटत म्हणाला.

अरोइता हसली. ती रागावतच नसे. तिचंही मीच रागावायचं, असं आमचं वाटप ठरलेलं.

तिची नात मारेता तेवढी नीट कापायची. सहा वर्षांची, डावखुरी. आई राजधानीत, तारावाला, दुसऱ्या संसारात, त्यामुळे पोरगी तान्ही असल्यापासून अरोइताजवळ. पोरीवर शब्द आजीचाच. रात्री मारेताचा पाय अंगावर पडल्याशिवाय आपल्याला झोप लागत नाही, असं अरोइता सांगायची.

त्या दिवशी सकाळच्या विमानानं तेकिनेने आली. ही अरोइताची मावसबहीण. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. नवऱ्याबरोबर कायमची न्यूझीलंडला निघालेली, निरोप घ्यायला आली म्हणे. ती वाटेवर दिसताच मी पळत घरी जाऊन माझी नवी कढई लपवून आले. आमच्या किरिबास बेटांवर नात्यातल्या माणसानं बुबुसी केली, म्हणजे समोर बसून मागितलं, की द्यावंच लागतं. न देणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. म्हणून पाहुण्यांची चाहूल लागली की शहाणी माणसं नवी कढई चटईखाली सारतात.

"मारेताला माझ्या घरी पाठव," मी अरोइताच्या कानात म्हटलं. "पाहुणी जाईपर्यंत."

"बहीण आहे माझी, दरोडेखोर नाही. तुला मेलीला जिकडेतिकडे कढयाच दिसतात."

तेकिनेने येऊन टेकते न टेकते तोच अरोइतानं मारेताचा देवदूत तिच्या हातात दिला. "बघ गं, आमच्या पोरीनं केलाय. पिसं बघ कशी एकसारखी." मला वाटलं, हिच्या तोंडावर हात ठेवावा. पण कौतुकाला आवर घालणं तिला कधी जमलंच नाही.

तेकिनेनेनं देवदूत पाहिला, मग मारेताकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग ती सरकून अरोइतासमोर मांडी घालून बसली आणि मान खाली घातली.

"ताई, मी बुबुसी करते. ही पोर मला दे. पोटच्या पोरीसारखी वाढवीन."

ती रडत होती. धड तिचा रागही करता येईना मला. कडेला चटया विणणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात थांबले. अरोइतानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? माझी कढई मी लपवली होती, पण माझ्याकडे कुणी पोर मागितली असती तर मीही दिलीच असती.

"दिली," अरोइता म्हणाली.

म्हाताऱ्यांनी समाधानानं माना हलवल्या. कुणीतरी पाहुणीसाठी शहाळं आणायला उठलं. मला त्या सगळ्यांना कात्री फेकून मारावीशी वाटली.

मारेतानं हातातला कागद खाली ठेवला. आत्ताच पाहिलं होतं तशीच ती आजीसमोर मांडी घालून बसली, मान खाली घातली.

"आजी, मी बुबुसी करते. मला तुझ्याजवळच ठेव."

कुणी हसलं नाही. अरोइतानं तिचे हात ओढून घेतले आणि एकेका बोटाची सुकलेली खळ नखानं खरवडत बसली. दहाही बोटं साफ झाली, तरी हात सोडेना.

"नाही, बाळा," ती म्हणाली. "तिनं आधी मागितलं."