काठोकाठ पिंप

आमच्या लातूरच्या गल्लीत स्पॅनिश बोलणारं माणूस एकच, आणि तेही टँकरपाशी घागर घेऊन उभं! शेजारच्या काकू. लेक स्पेनात, नातवाला मराठी येत नाही, म्हणून काकू मोबाइलवर धडे गिरवायच्या. 'सुपुसे', म्हणजे 'मी धरून चालले होते', हा त्यांचा लाडका शब्द. टँकर आला नाही की कमरेवर हात ठेवून त्या जाहीर करायच्या, "सुपुसे! मला वाटलं, येतोय."

मी चिडवायचो, "काकू, एवढंच येतंय व्हय?"

"तुला तर तेवढंबी न्हाई!"

त्या उन्हाळ्यात नातू येणार होता. स्वतः तांब्याभर पाण्यात भागवून काकूंनी त्याच्या आंघोळीसाठी पिंप भरलं. मी ओट्यावर बसलो असतानाच लेकीचा फोन आला. लातुरात पाणी नसणारच असं धरून ती यायचं रद्द करत होती. "हाय की गं पाणी!" काकू ओरडल्या, पण फोन बंद झाला होता.

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि पिंपाचं झाकण काढलं. "फोटो काढ."

"हसा तरी, काकू."

त्या बाजूला सरकल्या. "माझा कशाला? काठापर्यंत पाणी दिसाय पायजे, तेवढं बघ."