गेट बंद असतानाचे सोमाभाऊ

सोमाभाऊ गेल्याचं मला मोहर्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. छातीत दुखायला लागलं, चंद्रपूरला आणता आणता रस्त्यातच संपलं. खाली पंधरा-वीस जणांनी हात जोडले होते, मीही जोडले. मी नर्स, चंद्रपुरातच राहते, हे त्यांच्या घरी माहीत होतं. तरी मला फोन आला नाही... आणि तो का आला नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

टाळेबंदी लागली तेव्हा मी मोहर्लीजवळच्या उपकेंद्रात होते. आर्या चार वर्षांची. नवरा राजुऱ्याला खाणीत, तिकडेच अडकलेला. अंगणवाडी बंद. सासूबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "तू रोज पेशंटमधी. पोरगी आणाची नाई इथी." शेजारच्या चार घरी विचारलं, चारही घरांनी दारातूनच मान हलवली. मी नर्स होते, म्हणजे रोगच होते. तेव्हा दोन घरं सोडून राहणारे सोमाभाऊ आपणहून आले. जंगलाच्या गेटवरून निघणाऱ्या सफारीवर गाइड होते, पन्नाशीतले. "बाई, गेट बंद हाये, मले काम नाई. घरचीही जंगलात जाते मोहफुलं वेचाले. तुम्ही ड्यूटीवर जा, मी पाह्यतो पोरीले."

आणि त्यांनी खरंच पाहिलं. वरणभात कालवून भरवायचे, वेण्या घालायचे, एक वर आणि एक खाली. संध्याकाळी मी आले की आर्या माझ्याकडे झेपावायची आणि ते मागून तिचा फ्रॉक धरून ठेवायचे. "थांब माय, आई आंग धुऊन येते." मी मागच्या न्हाणीत साबण घासत असायचे आणि बाहेर ती रडत, हसत, त्यांच्याशी भांडत असायची. दोन महिने मी निर्धास्त ड्यूटी केली.

मग नळावर कुजबूज सुरू झाली. एक शेजारीण, जिने मला दारातून परत पाठवलं होतं तीच, म्हणाली, "चांगलाच असन तो. पण पोरीचा जीव हाये बाई, माणसाचं का सांगता येते?" नवऱ्याला सांगितलं तर तो तिकडून ओरडला, "बंद कर त्यायचं येणं!" मी आर्याला आडूनआडून विचारलं. ती म्हणाली, "काका बसल्या बसल्या घोरतात." एवढंच. मला तेवढं पुरायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना म्हटलं, "भाऊ, उद्यापासून नका येऊ."

"काऊन बाई? पोरगी काई बोलली का?"

"नाई... आता गेट सुरू होईल ना, तुमचं काम..."

गेट कधी उघडणार हे मोहर्लीत कोणालाच माहीत नव्हतं, त्यांना तर नाहीच. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, "बरं," म्हणाले आणि गेले. त्यानंतर मी आर्याला उपकेंद्रात नेऊन औषधांच्या खोलीत बसवायचे, बाहेर खोकणाऱ्या माणसांची रांग. त्यावर नळावरची एकही बाई काही बोलली नाही.

वर्षभराने माझी बदली झाली. निरोप घ्यायलाही मी त्यांच्या घरी गेले नाही. आता, ते गेल्यावर पंधरा दिवसांनी, आर्याला घेऊन गेले. त्यांच्या बायकोने चहा दिला. "पोरगी मोठी झाली," म्हणाली. मग थोड्या वेळाने, रागावून नाही, सहज सांगितल्यासारखं... "गेट सुरू झाल्यावर ते तुमच्या दारावरून जातच नव्हते. तलावाकडून फिरून जात."

परतताना बसमध्ये आर्याने विचारलं, "तू त्यांना येऊ नका काऊन म्हटलं होतं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण म्हटलं, "लोक बोलत होते. घरात एकटा माणूस, एकटी मुलगी..."

"पण ते घरात बसतच नव्हते," ती म्हणाली. "उंबरठ्यावर बसायचे, दार पूर्ण उघडं टाकून. मी म्हणायची, काका, ऊन लागते, आत या ना. तर म्हणायचे, असू दे, लोकायले दिसलं पाह्यजे."

आमच्याकडचा मे महिना. पहिल्या दिवसापासून त्यांना सगळं कळत होतं, आणि तरीही ते आले होते, त्या उन्हात बसले होते. मी ड्यूटीवर असायचे, मला ते कधी दिसलं नाही. नळावरच्या बायांना मात्र रोज दिसत होतं.